सन्मानपत्र कोणाच्या नावाने लिहायचं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. आणि हा भाग पुण्यातून नाही, फैजपूरहून, आमच्या घराच्या माडीवरून रेकॉर्ड करतोय. मध्येच केळीची गाडी गेली तर हॉर्न ऐकू येईल, तेवढं चालवून घ्या.

फैजपूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. जळगाव जिल्हा, यावल तालुका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी. इतिहासाच्या पुस्तकात आमचं नाव येतं ते डिसेंबर १९३६ साठी, ग्रामीण भागात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन म्हणून. त्यानंतर आम्ही केळी लावली आणि केळीसाठी जमिनीला भोकं पाडली. हे जरा वाढवून सांगतोय, पण फार नाही.

आजचा विषय आहे पाणलोट सांभाळणाऱ्या माणसांचा सन्मान. निमंत्रणपत्रिकेवरची ओळ वाटते ना? मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी अशाच एका छोट्या सन्मानासाठी गुण मोजायचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलं. त्या सॉफ्टवेअरने जे नाव यादीत सगळ्यात खाली टाकलं, त्याच्या कामाशी आमच्या शेतातल्या पाण्याचा सरळ संबंध आहे, हे मला नंतर कळलं. ती गोष्ट आज सांगायची आहे.

आधी पाण्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या मळ्यातल्या विहिरीला आठ-नऊ परसावर पाणी लागायचं. परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची, आमच्याकडे विहिरीची खोली अजूनही जुनी माणसं परसातच सांगतात. मी शाळेत असताना ती विहीर आटली होती आणि आम्ही तिच्यात क्रिकेटचे बॉल घालवायचो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिली ट्यूबवेल घेतली, मग दुसरी तिच्यापेक्षा खोल. ठिबक तर आमच्याकडे कधीपासून आहे. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आम्ही काय केलं? अजून केळी लावली. यावल आणि रावेर हे दोन्ही तालुके भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या भागात मोडतात, आणि त्यात आमच्या मळ्याचाही वाटा आहे.

आता गंमत अशी की आमच्या शेतात कितीही पाऊस पडला तरी त्यातलं फार थोडं पाणी खाली पोचतं. तापीकाठचा हा सगळा गाळाचा प्रदेश. खाली पिवळ्या चिकणमातीचे जाड थर आणि त्यांच्यामध्ये वाळूचे थर, अशी मांडणी आहे. पाणी असतं वाळूत, पण पिवळी माती ते वरून खाली जाऊ देत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरला, सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी नेमकं हेच ओळखलं होतं. २००४ पासून त्यांनी अमरीशभाई पटेलांच्या पाठबळाने तिथे नाले रुंद आणि खोल केले, तो पिवळा थर ओलांडून खाली गेले आणि त्यावर बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधले. शिरपूर पॅटर्न म्हणतात तो हाच. त्यावर वादही पुष्कळ झाले, कारण पुढे कुठेही, खाली कसली जमीन आहे ते न बघता, नुसतं पोकलेन लावून नाले खोदायची टूम निघाली. पण शिरपूरची मूळ कल्पना भूगर्भ वाचून केलेली होती.

मग आमच्या वाळूच्या थरात पाणी येतं कुठून? सातपुड्याच्या पायथ्यातून. डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते तिथे दगडगोट्यांचा एक लांबलचक पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. मोर, सुकी अशा आमच्या नद्या डोंगरातून येतात आणि त्या पट्ट्यात आल्या की त्यांचं पाणी जमिनीत शिरतं. पावसाळ्यात कधी जाऊन बघा, वरच्या अंगाला खळाळता ओढा असतो आणि थोडं खाली आलं की पात्रात नुसते गोटे. मला लहानपणी वाटायचं हे पाणी वाया गेलं. वाया नाही गेलं, आमच्याकडे यायला निघालं.

हे काही आजचं ज्ञान नाही. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरला १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने कुंडी भंडारा बांधला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी त्याने वाटेत अडवलं, भुयारातून शहराकडे नेलं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की पाणी डोंगराकडून येतंय. आम्हाला मोटरचा स्टार्टर दाबल्यावर पाणी येतं एवढंच कळतं.

आता सन्मानाची गोष्ट.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी महिनाभर घरूनच काम करत होतो. गावातल्या काही जणांनी, दोन निवृत्त शिक्षक, एक औषधाचं दुकान चालवणारे काका, आणि माझ्या वयाचे चार-पाच जण, असं ठरवलं की यावल-रावेर पट्ट्यात पाण्यासाठी काम करणाऱ्या माणसांचा आणि गटांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र आणि छोटीशी रक्कम. मी बीटेक, त्यातून सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे याचा अर्थ प्रिंटर दुरुस्त करण्यापासून निवडणुकीची यादी काढण्यापर्यंत सगळं याला येतं. त्यामुळे अर्जाचा फॉर्म आणि गुणांची मोजणी माझ्याकडे आली.

मी ते काम मन लावून केलं, हे आधी सांगतो. फॉर्ममध्ये मी विचारलं, कोणतं काम केलं, लांबी-रुंदी-खोली किती, अंदाजे किती पाणी साठेल, किती लोकांनी श्रमदान केलं, कामाआधीचा आणि नंतरचा फोटो, लोकेशनसकट. प्रत्येक रकान्याला वजन. एकूण १०० गुण. कोणाची ओळख, कोणाचा वशिला, काही चालणार नाही. शिक्षक खूश झाले. मीही खूश.

तेवीस अर्ज आले. मी बटण दाबलं. पहिला नंबर आला नाला खोलीकरण करणाऱ्या एका गटाचा. देणग्या जमवून त्यांनी यंत्र लावलं होतं, आणि काम खरोखर मोठं होतं, त्यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. शेवटचा नंबर, तेविसावा, पायथ्याजवळच्या एका पाड्यावरच्या बाबांचा. अर्ज त्यांनी भरलेलाच नव्हता, त्यांच्या पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींनी भरला होता. काम: जुन्या दगडी बांधांची देखभाल. नवीन बांधकाम: नाही. नवीन साठवण क्षमता: शून्य. आधीचा फोटो: नाही. गुण ११.

मी पुढे गेलो. खरं सांगतो, मला त्यात काही खटकलंच नाही. खटकलं त्या औषधाच्या दुकानवाल्या काकांना. त्यांनी यादी बघितली आणि म्हणाले, "हे काय केलं तू? जो बांधतो त्याला गुन, आन् जो सांभाळतो त्याला काहीच नाही? असं असतं तर माझ्या मायला कधीच बक्षीस भेटलं नसतं. तिनं घर बांधलं नव्हतं, रोज झाडलं होतं."

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच समजेल. नवीन फीचर लिहिणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि जुना सर्व्हर रात्री तीनला पडू नये म्हणून जो माणूस वर्षानुवर्षं बघत असतो त्याचं नाव कोणालाच माहीत नसतं. तो सर्व्हर पडला तरच त्याची आठवण येते, आणि तीही चांगल्या शब्दांत नाही. हे मला ऑफिसमध्ये पक्कं माहीत होतं. तरीही फॉर्म लिहिताना मी तीच चूक केली, कारण बांधलेली गोष्ट मोजता येते. न फुटलेला बांध कसा मोजायचा?

आमचाच फॉर्म असा होता असं नाही. महाराष्ट्रात पाण्यासाठीचा सगळ्यात गाजलेला सन्मान म्हणजे पाणी फाउंडेशनचा वॉटर कप. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं झाला. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, दुसऱ्या वर्षी आर्वीचं काकडदरा, मग माणमधलं टाकेवाडी, आणि शेवटी बार्शीचं सुर्डी. स्पर्धेचा काळ पंचेचाळीस दिवसांचा, ऐन उन्हात. त्या स्पर्धेने जे केलं ते मी कधीच छोटं म्हणणार नाही. एकमेकांच्या बांधाला पाय न लावणारी माणसं पहाटे एका ओळीत चर खणायला उभी राहिली. पण पंचेचाळीस दिवसांत तुम्ही खणण्याचं कौतुक करू शकता, सहाव्या वर्षी तो चर गाळाने भरला तेव्हा कोण फावडं घेऊन गेलं याचं नाही. हे त्यांनाही दिसलं असावं, कारण नंतर त्यांनी लांब मुदतीची समृद्ध गाव स्पर्धा घेतली, त्यात माती, गवत, झाडं, पाण्याचा हिशेब असं सगळं आलं. सरकारची अटल भूजल योजना, जी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली आणि ज्यात आपला जिल्हाही आहे, तिच्यातही गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. म्हणजे किती आलं आणि किती उपसलं. दुसरा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हताच. कसा असेल? फॉर्म करणाऱ्याच्या घरी दोन ट्यूबवेल.

तर काका म्हणाले, चल, बघून येऊ. रविवारी सकाळी आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. येतो म्हणता म्हणता अण्णाही दुसऱ्या गाडीवर निघाले. त्यांना सत्कारात काही रस नव्हता. आदल्या रात्री जेवताना मला म्हणाले होते, "मले एक सांग, सत्कार केल्यानं पानी वाढतं का?" त्यांच्या डोक्यात तिसरी ट्यूबवेल चालू होती, आणि तिचे पैसे मी द्यावेत अशी अपेक्षा होती. ती रास्तही होती, माझं शिक्षण त्याच केळीवर झालंय.

केळी संपली, कापूस आणि हरभऱ्याची रिकामी रानं लागली, मग गोटे सुरू झाले. पाड्यावर पावरा आणि तडवी घरं. बाबा दारातच बसले होते. वय त्यांनाही नीट सांगता येईना. चहा झाला, आणि त्यांनी आम्हाला मागच्या टेकाडावर नेलं.

तिथे ओघळींमध्ये एकाखाली एक अनगड दगडांचे बांध. अनगड म्हणजे न घडवलेले, सिमेंट वगैरे काही नाही, नुसते रचलेले. कोणत्या तरी जुन्या सरकारी योजनेत कधीतरी बांधलेले. योजना संपली, मजुरी संपली. अशा बांधाचं असं असतं की पहिल्या जोरदार पावसात वरचे दोन-चार दगड ढळतात. ते लगेच परत बसवले नाहीत तर पाणी त्या फटीतून घुसतं, फट मोठी होते, आणि दोन पावसाळ्यांत बांध नाहीसा होतो. मग खालचा, मग त्याच्या खालचा. बाबा आणि पाड्यावरचे सात-आठ जण पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि मग पोळ्याच्या आसपास एकदा, दगड बसवायला जातात. प्रत्येक बांधामागे गाळ साचलाय, गाळात गवत आलंय, गवताच्या खाली ओल. आम्ही गेलो तेव्हा मे महिना होता आणि एका बांधामागची माती मुठीत धरली तर तिचा गोळा होत होता.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाबांना विचारलं, हे पाणी अडवता कशाला, तुमच्या विहिरीला येतं का? बाबा म्हणाले, थोडं येतं. बाकीचं खाली जातं, तुमच्याकडे. मग करता कशाला? ते म्हणाले, "पानी धावलं का माती घेऊन जातं. पानी तुमचं, पन माती आमची आहे."

हे ऐकून मी माझा फॉर्म मनातल्या मनात फाडला.

कारण पाणलोटाची हीच तर अडचण आहे. पाणलोट म्हणजे जेवढ्या जमिनीवर पडलेलं पाणी एकाच वाटेने खाली जातं तेवढी जमीन. वरचा माणूस काम करतो, खालच्याला पाणी मिळतं. वरच्याने काम सोडलं तरी खालच्याला लगेच काही कळत नाही, दहा वर्षांनी त्याची ट्यूबवेल फसते आणि तो शेजाऱ्याच्या ट्यूबवेलला शिव्या देतो. मग या कामाचा सन्मान करायचा तर तो कोणी करायचा? मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याने? माझं मत असं झालंय की तो खालच्याने करायचा असतो. ज्याच्या मोटरला पाणी येतं त्याने. आणि तो सन्मान असला तरी त्यात देण्याचा भाग पाहिजे, कारण ती उधारी आहे.

खानदेशाला हे नवीन नाही, आम्ही विसरलोय. पांझरेवर, धुळे-साक्री भागात, फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, आणि खालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणाला किती पाणी ते लाभधारकांची पंचायत ठरवायची. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार. यांचा मोबदला सगळे पाणी घेणारे मिळून द्यायचे, आणि पूर्वी तो धान्याच्या रूपात असायचा. म्हणजे खळ्यावर रास पडली की त्यात पाणी सांभाळणाऱ्याचा वाटा धरलेलाच. त्याला कोणी पुरस्कार म्हणत नव्हतं. पण वर्षातून एकदा सगळ्यांसमोर, मापाने, ठरलं जायचं की या माणसामुळे हे पीक आलं. शाल एकदाच मिळते, हे दर वर्षी मिळायचं.

आता बारीपाड्याबद्दल बोलल्याशिवाय खानदेशातल्या माणसाला हा विषय संपवता येत नाही. साक्री तालुका, गुजरातच्या सीमेजवळचं कोकणा आदिवासींचं छोटं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं जंगल उजाड झालं होतं, बायका पाण्यासाठी वणवण करत होत्या. चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, राखणीला गावातलीच माणसं ठेवली, ओढ्यांवर लहान लहान बांध घातले. पाणी आलं, आणि आजूबाजूच्या गावांनाही देता आलं. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. तीस-बत्तीस वर्षांनी.

पद्मश्रीचा मला आनंदच झाला. पण मला त्यापेक्षा जास्त आवडते ती त्याच गावातली दुसरी गोष्ट. बारीपाड्यात २००४ पासून दर वर्षी वनभाज्यांची पाककृती स्पर्धा होते. जंगलात उगवणाऱ्या भाज्या बायका आणतात, रांधतात, परीक्षक चाखतात, बक्षिसं देतात. वरवर बघितलं तर जेवणाचा कार्यक्रम. पण विचार करा, ती भाजी ओळखायची तर जंगलात जावं लागतं, जंगल टिकलं तरच ती उगवते, आणि कुठल्या ओघळीला काय येतं हे ज्या बाईला माहीत आहे तीच जिंकते. म्हणजे बक्षीस भाजीला दिलं, पण मान मिळाला जंगल जाणणाऱ्या बाईला. पद्मश्री एकाच्या नावाने लिहावी लागते, तिचा नियमच तसा. ही स्पर्धा अख्ख्या गावातल्या बायकांना, दर पावसाळ्यात.

(इथे आईने खालून हाक मारली, ते रेकॉर्डिंगमधून काढलं आहे.)

हां, तर पैशाचं बोलत होतो. वरच्याला खालच्याने द्यायचं, याचं भारतातलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं, कारण ते गावही तेव्हा आमच्यासारखंच नगर परिषदेचं होतं. हिमाचलमधलं पालमपूर. त्यांना पिण्याचं पाणी येतं बोहल नावाच्या झऱ्याचं, आणि झऱ्याच्या वरचं जंगल तिथल्या खेड्यांच्या हातात. २०१० मध्ये पालमपूरच्या नगर परिषदेने त्या गावकऱ्यांशी लेखी करार केला, तुम्ही जंगल राखा, आम्ही दर वर्षी दहा हजार रुपये देऊ. रक्कम बघा, हसू येतं. आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरला त्याहून जास्त लागतात. पण शहराने लिहून दिलं की आमचं पाणी तुमच्याकडून येतं. अशाच विचाराने न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी आणि शेतकऱ्यांशी करार केला, कारण पाणी गाळायचा अवाढव्य कारखाना बांधण्यापेक्षा डोंगरातली जमीन नीट राखायला पैसे देणं स्वस्त होतं. त्यांनी व्यवहार बघितला. बघावा ना, त्यात वाईट काय?

आमच्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ही केळी अशी होते ती या जागेमुळे, असं कागदावर मान्य झालंय. आणि मे २०२५ मध्ये तापीच्या महापुनर्भरण योजनेसाठी दोन्ही राज्यांनी करार केला, त्यातही भर याच बझाडा पट्ट्यावर आहे. ती योजना होईल तेव्हा होईल, व्हावीच. पण कालवे आणि बोगदे पाणी आणतील, ओघळीतला ढळलेला दगड परत बसवायला माणूसच लागणार.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, आणि ते फार भारी नाही.

फॉर्म बदलला. नवीन साठवण क्षमतेचे गुण काढून टाकले नाहीत, कमी केले. तीन प्रश्न घातले. हे काम सलग किती वर्षं करताय? तुमच्या कामाचं पाणी कोण वापरतं? आणि तिसरा, ज्याच्यावरून आमच्या बैठकीत दीड तास भांडण झालं, तुम्ही स्वतः उपसा कमी केलाय का आणि कसा? एक जण म्हणाला, हा प्रश्न ठेवला तर फैजपुरातला एकही माणूस बक्षीस घेऊ शकणार नाही. शिक्षक म्हणाले, मग नको घेऊ दे. पहिल्या नंबरच्या गटाला आम्ही जाऊन सांगितलं की निकष चुकले होते, नवीन मोजणीत तुम्ही चौथे आहात. ते चिडले. त्यांचं चिडणं बरोबर होतं, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलले होते. शेवटी क्रमांकच काढून टाकले आणि सहा जणांना सारखाच सन्मान दिला. त्यांच्यात ते आले आणि बाबाही.

बाबांना विचारायला गेलो होतो, काय द्यावं? शाल नको म्हणाले, घरात तीन पडल्यात. दोन पहारी आणि चार घमेली द्या, आणि दगड बसवायच्या दोन दिवसांची आठ माणसांची मजुरी, कारण त्या दिवसांत लोक तुमच्याच केळीत कामाला येतात आणि टेकाडावर कोणी उरत नाही.

हे ऐकून काकांनी गावात फिरून वर्गणी काढायचं ठरवलं, फक्त केळीवाल्यांकडून. साठेक जणांकडे गेलो. एकोणीस जणांनी दिले. बाकीच्यांची उत्तरं मला पाठ आहेत. सरकार काय करतंय? आमचं पाणी आमच्याच शेतात मुरतं. पुढच्या वर्षी भाव मिळाला तर बघू. एकाने तर विचारलं, तिकडे अडवलं तर आमच्याकडचं कमी नाही का होणार? तो प्रश्न खरा होता आणि मला त्याला पाणी कसं येतं ते समजावायला अर्धा तास लागला. त्याने शेवटी पाचशे दिले. मला ते सगळ्यात मोठे वाटले.

अण्णांनीही दिले. किती ते सांगायला त्यांनी मना केलंय. आणि हो, तिसरी ट्यूबवेल आम्ही यंदा मार्चमध्ये घेतली. खोटं कशाला बोलू? पैसे मीच दिले. दुसरीचं पाणी निम्म्यावर आलं होतं, आणि उभी केळी कोणाला वाळताना बघवते? पण त्याच बैठकीत अण्णांशी एक ठरलं. पुढच्या लागवडीत दोन बिघे केळीऐवजी हरभरा. ते अजून कुरकुरतात. आई म्हणते, वांगी लावा, बामणोदच्या वांग्यांना नाहीतरी भरीत पार्टीवाले रांग लावतात. बघू.

सन्मानाचा कार्यक्रम छोटाच झाला. बाबा आले नाहीत. पाड्यावरचे दोघं जण आले, पहारी आणि घमेली टेम्पोत टाकून घेऊन गेले. सन्मानपत्रावर काय लिहायचं यावर शिक्षकांनी तीन मसुदे केले होते. शेवटी त्यावर बाबांचं नाव नाही लिहिलं, पाड्याचं लिहिलं, आणि खाली पाहुण्यांच्या सहीऐवजी वर्गणी देणाऱ्या एकोणीस जणांच्या सह्या.

परवा रात्री इथे चांगला पाऊस झाला, या मोसमातला पहिला मोठा. काल दुपारी मी मीटिंगमध्ये असताना गुरुजींचा फोन आला. वरून तिसऱ्या बांधाचे पाच-सहा दगड ढळलेत, रविवारी बसवायला जातोय, बाबा विचारतात, ते केळीवाले येतील का बघायला? मी म्हटलं, बघायला नाही, दगड उचलायला येतो. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, सकाळी लवकर निघू, ऊन व्हायच्या आत.

पुढचा भाग दोन आठवड्यांनी. भेटू.